थोरला दाराबाहेर

संडे स्कूलचा वर्ग संपायला पाच-सात मिनिटं उरली होती आणि मी उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाकडून वाटा घेऊन तो उडवणाऱ्या आणि घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची येशूनं सांगितलेली गोष्ट, सांगत होते. रंगात आले होते. डुकरांच्या चिखलाचा वास, पोटात कालवाकालव, त्या शेंगांकडे बघून सुटलेलं पाणी, हे सगळं पोरांच्या चेहऱ्यावर उमटत होतं. घरी परतताना धाकटा मुलगा वाटेत आपलं माफीचं वाक्य पाठ करतो, ते मी तीनदा वेगवेगळ्या आवाजात म्हणून दाखवलं. ‘बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलं आहे...’ आणि मग बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. त्या काळी घरचा म्हातारा कर्ता माणूस असा झगा सावरत रस्त्यातून धावत नसे, म्हणून मी खरोखरच वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. पोरं खिदळली. मग थोरला शेतातून येतो, धाकट्यासाठी चाललेल्या मेजवानीतल्या वाद्यांचा आवाज ऐकतो, रागावतो, दाराशीच अडून बसतो. घड्याळ पुढं सरकत होतं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो इथवर आले आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं: मग थोरला आत गेला, दोघा भावांनी एकमेकांना मिठी मारली आणि सगळे आनंदानं राहू लागले. शेवटची प्रार्थना झाली, पोरं पांगली.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी एक नऊ वर्षांची मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात चेनच्या कव्हरातलं बायबल होतं आणि मधे बोट घातलेलं होतं. ‘टीचर, तो आत गेला नाही,’ ती म्हणाली. मी विचारलं, ‘कोण?’ ‘मोठा भाऊ. मी घरी वाचलं. वडील बोलतात आणि संपतं. तुम्ही सांगितलं ते इथं नाहीये.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणाची तरी वस्तू सापडली की आपण ती आणून देतो, तसा तो आवाज होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, ‘अगं, लिहिलं नसलं तरी गेलाच असेल ना.’ तिनं क्षणभर विचार केला.

‘कशावरून?’

त्या दिवशी घरी येऊन मी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडला. दाखला मला पाठ आहे, तरीही बोट ठेवून वाचला. ‘तो रागावला व आत जाईना; म्हणून त्याचा बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालू लागला.’ मग थोरल्याचं ते कडू बोलणं. मग बापाचं उत्तर. बत्तिसाव्या वचनाला बाप म्हणतो, हा तुझा भाऊ मेला होता, तो जिवंत झाला आहे. हरवला होता, तो सापडला आहे. आणि त्यानंतर पांढरा कागद. पुढच्या ओळीत सोळावा अध्याय सुरू होतो, अन्यायी कारभाऱ्याची वेगळीच गोष्ट लागते. थोरला अजून दाराबाहेर आहे. इतक्या वर्षांत मी हा दाखला किती वेळा ऐकला आणि सांगितला असेल, पण हा पांढरा कागद मी कधी पाहिला नव्हता. डोळे त्याच्यावरून सरळ घसरत गेले होते.

गोष्ट वाढवून सांगण्याची सवय मला आजीकडून आली. आजीला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये ऐकलेलं, कुणी वाचून दाखवलेलं, एवढ्यावर तिचं शास्त्र उभं होतं, पण ती सांगायला लागली की वाटायचं, ही तिथं होतीच. तिचा जक्कय उंबराच्या झाडावर चढायचा तेव्हा त्याच्या अंगरख्याला उंबराचा चीक लागायचा, मुंग्या चावायच्या, खाली उभी असलेली पोरं त्याला नावं ठेवायची. येशू झाडाखाली थांबून वर बघायचा तेव्हा आजी स्वतः मान वर करून थांबायची, आणि आम्हीही आढ्याकडे बघायला लागायचो. मुंग्या आणि चीक शास्त्रात कुठं आहे? कुठंच नाही. पण झाड मात्र आहे, माणूस बुटका होता हेही आहे, आणि श्रीमंत जकातदार चारचौघांत झाडावर चढला ही लाजही आहे. आजीनं फक्त ती लाज आमच्या अंगाला लावली. पुढं मोठेपणी वाचलं की मूळ ग्रीकमधलं झाड अंजिराच्याच जातीतलं, आपल्या उंबराचं जवळचं भावंड आहे. मराठीत भाषांतर करणाऱ्यानं ‘उंबर’ हा शब्द टाकला तेव्हा त्यालाही तो चीक हाताला लागला असेल असं वाटतं.

आजीचा आवडता प्रसंग बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला होता, त्या युतुख नावाच्या तरुणाचा. प्रेषित पौल दुसऱ्या दिवशी निघणार असतो म्हणून त्याचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबतं. माडीवर पुष्कळ दिवे लावलेले असतात. युतुख खिडकीत बसलेला, त्याला गाढ झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. आजी ते दिवे एकेक करून लावायची. तेलाचा धूर, कोंदट हवा, खिडकीत बसलेल्या पोराच्या जड होत चाललेल्या पापण्या... ती इतक्या हळू आवाजात सांगायची की आम्हाला खरंच पेंग यायची, आणि मग ‘धप्प!’ आम्ही दचकून उठून बसायचो. पौल खाली धावतो, त्याला कवटाळतो, म्हणतो घाबरू नका, ह्याच्यात जीव आहे. आणि मग? मग पौल परत वर जातो, भाकर मोडतो, आणि थेट उजाडेपर्यंत बोलत बसतो! आजी इथं पोट धरून हसायची. शास्त्रात हसण्यासारखं काही असतं हे मला तिनं शिकवलं. रुदा नावाची मुलगी येशूचा शिष्य पेत्र याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, तुरुंगातून सुटलेला पेत्र बिचारा बाहेर ठोठावत उभा, हे सांगताना तर आजी स्वतःच रुदा होऊन दारामागे उभी राहायची.

त्या मुलीच्या ‘कशावरून’नंतर काही दिवस मला हे सगळं आठवताना धाकधूक व्हायला लागली. आपण लहानपणापासून जे खरं धरून चाललो त्यातलं किती लिहिलेलं आहे आणि किती कुणाच्या आजीनं घातलेलं? मी वही घेऊन बसले. बाळ येशूला बघायला पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयाच्या शुभवर्तमानात येतात, पण ते तीन होते असं तो म्हणत नाही, राजे होते असंही नाही. भेटी तीन आहेत, म्हणून माणसं तीन झाली. एदेन बागेतलं फळ सफरचंद नव्हतं, नुसतं फळ होतं. योनाला गिळणारा मोठा मासा होता, देवमासा म्हटलेलं नाही. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर पौल जमिनीवर पडतो, घोड्यावरून नाही, घोडा चित्रकारांनी दिला. आणि गव्हाणीजवळचे बैल नि गाढव, ज्यांच्याशिवाय नाताळाचा देखावा पुराच होत नाही, ते लूकमध्ये नाहीतच. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाचं ठाण ओळखतं, पण माझ्या लोकांना ओळख नाही. कुणीतरी ती ओळ वाचली, त्याच्या डोळ्यांपुढं गव्हाण आली आणि दोन्ही जनावरं चालत जाऊन बाळापाशी उभी राहिली. पुढं 1223 साली इटलीत असिसीच्या संत फ्रान्सिसनं ग्रेच्चो गावाच्या डोंगरात गवत अंथरून खरीखुरी गव्हाण मांडली, खरा बैल नि खरं गाढव आणलं, आणि गावातली माणसं मशाली घेऊन रात्री ते बघायला आली.

ही यादी करता करता माझी धाकधूक कमी झाली. यातलं बरंचसं कुणी फसवायला घातलेलं नव्हतं. जवळ जायला घातलेलं होतं. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक, 1548 मध्ये पोपनं मंजूर केलेलं, त्यात तर हे प्रार्थनेचंच अंग आहे. येशूच्या जन्माच्या प्रसंगावर मनन करताना डोळे मिटून बघा, असं तो म्हणतो: नासरेथपासूनची वाट किती लांब आहे, सपाट आहे की चढउताराची, ती गुहा केवढी, उंची किती. मरिया आणि योसेफाबरोबर तो एक दासीही चालवतो, जी शुभवर्तमानात नाही. आणि म्हणतो, तुम्ही स्वतः एक छोटा चाकर होऊन तिथं उभे राहा, काही हवं-नको बघा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजी आठवली होती. तिनं नाव ऐकलेलं नव्हतं, साधना मात्र रोज रात्री करत होती, आणि आम्हाला बोटाला धरून सोबत नेत होती.

मराठीत तर ही भूक फार जुनी. गोव्यात आलेल्या इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात सुरुवातीलाच एक ब्राह्मण उठून विचारतो, की तुम्ही आम्हाला आमची पुराणं वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरं पुराण का करत नाही? मला तो प्रश्न फार खरा वाटतो. नवा विश्वास दिलात, नियम दिलेत, प्रार्थना दिल्यात, पण आम्ही ऐकायचं काय? 1616 साली ते पुराण छापून आलं, हजारो ओव्यांचं, आपल्याच वळणाचं. विश्वासाला घरात येऊन बसायचं असेल तर त्याला गोष्ट होऊनच यावं लागतं. आणि प्रभूनं स्वतः दुसरं काय केलं? मार्क म्हणतो, दाखल्यांवाचून तो त्यांच्याशी बोलत नसे. कुणी विचारलं माझा शेजारी कोण, तर व्याख्या दिली नाही, म्हणाला, एक मनुष्य यरुशलेमेहून यरीहोस जात होता. झालं, ऐकणारा वाटेला लागला.

मग माझं चुकलं कुठं? आजीनं मुंग्या घातल्या, फ्रान्सिसनं बैल आणला, मी एक मिठी घातली.

हा प्रश्न घेऊन मी योनाचं पुस्तक वाचायला घेतलं, कारण दाराबाहेर रुसून बसलेला दुसरा माणूस मला तोच आठवला. योना संदेष्टा निनवे नगराला जातो, चाळीस दिवसांत नाश होईल म्हणून ओरडतो, आणि ती माणसं चक्क ऐकतात. नगर वाचतं. योनाला याचा एवढा संताप येतो की तो नगराबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला रोप उगवतो, मग किडा लावून ते वाळवतो, मग वाऱ्याची झळ सोडतो. योना म्हणतो, जगण्यापेक्षा मरण बरं. देव म्हणतो, त्या रोपाची तुला एवढी कीव आली, मग या मोठ्या नगराची मी करू नये का, ज्यात 1,20,000 हून जास्त माणसं आहेत, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत? पुस्तक इथं संपतं. प्रश्नचिन्हावर. योना काय म्हणाला, कुणी लिहिलं नाही. त्यात ‘गुरंढोरंही’ हा शेवटचा शब्द मला फार आवडतो. रुसलेल्या माणसाला देव जनावरांचाही वास्ता देऊन बघतो.

आणि मार्कचं शुभवर्तमान. चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या हस्तलिखितांत, सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या, ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला थांबतं. बाया येशूच्या रिकाम्या कबरेतून पळत सुटतात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. बस. पुढची बारा वचनं, ज्यात येशू दिसतो, शिष्यांना पाठवतो, वर जातो, ती नंतरच्या प्रतींमध्ये येतात. काही प्रतींमध्ये आणखी एक छोटासा निराळा शेवटही आहे. मी आधी हे शिकले होते तेव्हा तो अभ्यासातला एक मुद्दा होता. आता मात्र मला दिव्यापाशी वाकलेला एक लेखनिक दिसायला लागला. त्यानं ‘भ्याल्या होत्या’ एवढं उतरवलं, बोरू उचलला, आणि त्याला ते सोसवेना. अशा भेदरलेल्या बायांना इथंच सोडून कसं द्यायचं? पुढं काय झालं हे तर सगळ्यांना ठाऊक आहे! म्हणून कुणीतरी ते जोडलं. मी त्याला नावं ठेवत नाही. मीही पाच मिनिटं उरली असताना तेच केलं.

डच चित्रकार रेम्ब्रांटनं आयुष्याच्या अखेरीला, 1660च्या दशकात, हा दाखला रंगवला. फाटक्या चपलेतला, डोकं भादरलेला मुलगा बापाच्या कुशीत तोंड खुपसून गुडघ्यावर बसलाय, बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. मी त्या चित्राच्या छापील प्रतीपुढं पुष्कळदा बसले आहे. उजवीकडे एक उंच माणूस उभा आहे, लाल वस्त्रातला, हातावर हात ठेवलेला, चेहऱ्यावर उजेड. तो थोरला मानला जातो. पण दाखल्यात त्या घटकेला थोरला तिथं नाही, शेतात आहे. म्हणजे चित्रकारानंही त्याला आत आणला. पण किती जपून! एकाच चित्रात, एकाच उजेडात, तरी मधे ती अंधारी मोकळी जागा ठेवलीय, चार पावलांची असेल. ती पावलं रेम्ब्रांटनं त्याच्या वतीनं टाकली नाहीत.

इथं मला माझी चूक सापडली. जक्कयाच्या मुंग्यांनी कुणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं. पण थोरल्याचा दाखला सांगितला गेला तेव्हा समोर कोण बसलं होतं, ते लूक आधीच सांगून ठेवतो. परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे नि शिकवणारे यहुदी पुढारी, कुरकुर करत होते की हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. थोरला म्हणजे तेच. दार त्यांच्यासाठी उघडं ठेवलेलं होतं, आणि आत जायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, तिथल्या तिथं, त्याच संध्याकाळी. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली तीही अशीच अर्धी. श्रीमंतानं ती मेंढी हिसकावून पाहुण्याला रांधून घातली, इथं नाथान थांबला. शेवट दावीदानं केला, संतापून, की त्या माणसाला मरणाची शिक्षा व्हायला हवी. तेव्हा नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. नाथानानंच शेवट सांगून टाकला असता तर राजानं वा छान म्हणून मान डोलावली असती आणि पुढचं काम पाहिलं असतं. मी गोष्टीत काही घातलं म्हणून बिघडलं नव्हतं. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या तोंडचं उत्तर मी काढून घेतलं होतं.

एवढं कळल्यावर खरं तर मनाला स्वस्थता यायला हवी होती. आली नाही. कारण घाईचं कारण मी स्वतःला सांगत होते तेवढं खरं नव्हतं. पाच मिनिटं पुष्कळ असतात, एक वाक्य गाळायला तर एक मिनिटही लागत नाही. ती मिठी मला हवी होती.

मला एक धाकटा भाऊ आहे. पैशावरून घरात वाद होऊन तो गेला आणि कितीतरी वर्षं फिरकला नाही. बाबांचं आजारपण मी काढलं. औषधांच्या वेळा, अंग पुसणं, रात्रीचं उठणं, चिडचिड, त्यांचीही आणि माझीही. मग एका दुपारी तो दारात उभा राहिला. बाबांना तेव्हा आधाराशिवाय उठता येत नव्हतं. ते उठले. मी शेजारच्या खोलीत गोळ्या वेगळ्या करत होते आणि भिंतीपलीकडून मला बाबांचं हसणं ऐकू आलं. कैक महिन्यांत तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. मी सकाळ, दुपार, रात्र असे गोळ्यांचे भाग करत राहिले, चुकले, परत केले. त्या खोलीतून मी लगेच बाहेर गेले नाही. गेले तेव्हा चहा घेऊन गेले, म्हणजे हातात काहीतरी होतं. थोरला बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतो आहे, पण मला कधी करडूही दिलं नाही. हे वाक्य चर्चमध्ये वाचलं जातं तेव्हा मी खाली बघते.

बाबा जाऊनही आता काही वर्षं झाली. भावाशी बोलणं होतं, सणावारी, कामापुरतं. पण नातेवाइकांशी बोलताना मी त्याचं नाव घेत नाही असं माझ्या या दिवसांत लक्षात आलं. मी ‘बाबांचा लाडका’ म्हणते. दाखल्यातला थोरलाही ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. आणि बाप ते ऐकून घेतो, रागावत नाही, फक्त उत्तर देताना शब्द फिरवून परत त्याच्या हातात ठेवतो: ‘हा तुझा भाऊ.’ ही एवढीशी जागा मी किती वर्षं सांगत आले. पोरांना तर मुद्दाम दाखवते, बघा कसा बोलतो बाप!

एका संध्याकाळी मी भावाला फोन लावला. त्याला आधी वाटलं काही झालंय. मी म्हटलं, काही नाही रे, एक विचारायचं होतं, आजी उधळ्या पुत्राची गोष्ट कशी संपवायची? मला सगळं आठवत होतं, डुकरं, शेंगा, अंगठी, पायातले जोडे, पुष्ट वासरू. शेवट मात्र काही केल्या आठवत नव्हता. तो हसला. म्हणाला, ‘तुला कसा आठवेल? तू वासरापर्यंतच झोपलेली असायचीस. जागा मीच असायचो.’

‘मग?’

‘मग काय, ती संपवायचीच नाही. बाप बाहेर येऊन थोरल्याला बाळा म्हणतो ना, तिथवर सांगायची आणि उठून दिवा बारीक करायला जायची. मी मागं लागायचो, तो गेला का आत, सांग ना. तर म्हणायची, बाप अजून दारातच आहे, झोप आता. मला असला राग यायचा! एवढं सगळं लावून सांगणारी बाई, तिला हे एवढं सांगायला काय होतं?’

मी बराच वेळ काही बोलले नाही. आजीनं योनाच्या माशाच्या पोटातला वास सांगितला होता, नोहाच्या तारवात कोण घोरायचं ते सांगितलं होतं, काना गावच्या लग्नात पाण्याचे रांजण भरणाऱ्या चाकरांचे खांदे किती दुखले तेही सांगितलं होतं. जिथं पुस्तक गप्प तिथं ती बोलायची. या एका जागी ती पुस्तकाबरोबर गप्प राहिली, आणि तिला तर वाचताही येत नव्हतं. कुणी सांगितलं असेल तिला? का तिचंही कुणीतरी दाराबाहेर होतं? हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

‘आहेस ना?’ भावानं विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, ‘ये ना एकदा इकडे. पोरांना सांग तिच्या गोष्टी. मला तसं जमत नाही, मी सांगितलं की दोन मिनिटांत संपते.’ मी म्हटलं, ‘बघते.’ फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो माझ्या ‘बघते’वर काही बोलला नव्हता. पलीकडे थोडा वेळ नुसता थांबून राहिला होता.

गेल्या रविवारी मी वर्गात तोच दाखला परत सांगितला. पोरांनी आधी ‘हे झालंय’ म्हणून गिल्ला केला, पण बाप धावायला लागला तसे सगळे सावरून बसले. या वेळी थोरल्याला मी जास्त वेळ दिला. त्याचे मातीनं भरलेले पाय, दिवसभराच्या उन्हानं तापलेली मान, लांबून ऐकू येणारी वाद्यं, आपल्याच घरात काय चाललंय हे चाकराला विचारावं लागणं. उघड्या दारातून अंगणात पडलेला उजेड त्याच्या पायांच्या थोडा अलीकडेच थांबला होता, हे मी माझ्या पदरचं घातलं. बाप बाहेर आला. म्हणाला, बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझं जे काही आहे ते सर्व तुझंच आहे. हा तुझा भाऊ हरवला होता, तो सापडला आहे. मी थांबले.

‘मग?’ मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. मी पुस्तक मिटलं. वर्गात एकदम कल्ला झाला. एक मुलगा म्हणाला तो गेला असणार, आत जेवण होतं. दुसरा म्हणाला, मी नसतो गेलो, मी शेतात जाऊन झोपलो असतो. दोन बहिणी आपसातच भांडायला लागल्या. ती नऊ वर्षांची मुलगी बायबल मांडीवर घेऊन बसली होती, बोट बत्तिसाव्या वचनावर. गलबला जरा खाली बसल्यावर तिनं हात वर केला.

‘टीचर, त्याचे वडील किती वेळ बाहेर उभे राहिले?’

शेतात झोपणाऱ्या मुलानंच वळून तिला सांगितलं, ‘तो आत जाईपर्यंत.’